चित्रातले घर : माधुरी पुरंदरे आणि मराठी बालचित्रपुस्तक

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा विषयाचा फारसा शोध घ्यावा लागला नाही. महादेवपुऱ्यातील आपल्या सभासदांच्या घरी जाण्याचे योग वरचेवर येतात आणि तेथे एकच दृश्य पुनःपुन्हा दिसते. घरातले मूल शेजारच्या मित्राला कन्नडमध्ये हाक मारते, शाळेचा अभ्यास इंग्रजीत करते, इमारतीच्या पहारेकऱ्याशी हिंदीत बोलते आणि आईवडिलांशी मराठीत बोलते. परंतु हे मराठी ‘जेव’, ‘झोप’, ‘आवर लवकर’, ‘नको’ एवढ्यातच आटोपते. आज्ञा देण्याची आणि ती नाकारण्याची भाषा तेवढी शिल्लक राहते. रुसण्याची, गंमत सांगण्याची, घरातल्या माणसांविषयी मनातले काही बोलण्याची भाषा मात्र मुलाजवळ नसते. ती त्याने कोठून घ्यावी, या प्रश्नाचे एक उत्तर मला एका लेखिकेच्या कार्यात सापडले. त्या लेखिका म्हणजे श्रीमती माधुरी पुरंदरे. त्यांचे कार्य नीट समजण्यासाठी मात्र थोडे मागे जावे लागेल.

मराठी मुलांच्या छापील पुस्तकाचा इतिहास पुण्यामुंबईत सुरू होत नाही. आपल्याप्रमाणेच महाराष्ट्रापासून दूर राहिलेल्या मराठी माणसांत तो सुरू होतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी नसते. शहाजीराजांची जहागीर या आपल्या बंगळूर प्रांती होती. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथून तंजावरास गेले आणि तेथे मराठ्यांचे राज्य स्थापन झाले. त्याच घराण्यातील दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) मोठे विद्याव्यासंगी होते. त्यांनी राजधानीत देवनागरी छापखाना घातला आणि सख्खन पंडितांकडून इसापाच्या गोष्टींचे मराठी भाषांतर करवून घेतले. ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने ते १८०६ च्या सुमारास छापले गेले. चोहोंकडे तमिळ बोलली जात असताना आपल्या मुलांनी मराठीत गोष्टी वाचाव्यात, असे एका राजाला वाटले. आज महादेवपुऱ्यातील एखाद्या सदनिकेत आईवडिलांना जे वाटते, ते याहून निराळे नाही.

पुढे मुंबईस सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ आणि इसापनीती ही पुस्तके मराठीत आणली. ‘बाळमित्रा’चे मूळ बेर्कें या फ्रेंच ग्रंथकाराच्या पुस्तकात आहे. १८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांनी ‘बालबोध’ मासिक सुरू केले आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत ते निष्ठेने चालविले. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ मासिक निघाले. या मंडळींनी मराठी मुलांवर अपार उपकार केले आहेत. परंतु त्यांच्या काळच्या बालवाङ्मयात शब्दांचे राज्य होते, चित्र हा पाहुणा होता. याला कारणही तसेच होते. प्रत्येक चित्रासाठी ठसा कोरून किंवा ब्लॉक करून घ्यावा लागे, रंगीत चित्र हवे असल्यास रंगागणिक निराळा ब्लॉक लागे आणि तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून काढावा लागे. खर्च वाढे, आणि मुलांच्या पुस्तकावर पैसे खर्च करण्याची आपल्या समाजाची तयारी तर बेताचीच! शिवाय पालक पुस्तक हाती घेऊन त्यात मजकूर किती आहे हे पाहत. ज्या पानावर चित्र मोठे आणि ओळी दोनच, त्या पानाचे पैसे वाया गेले, असा हिशेब मांडणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

आमच्या पिढीला चित्रे मिळाली ती तीन वाटांनी. पहिली वाट पुन्हा दक्षिणेतूनच आली होती. मद्रासहून निघणाऱ्या ‘चंदामामा’ मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ पासून घरोघरी येऊ लागली. आज ते मासिक बंद पडले असले तरी त्यातील राजे, राक्षस आणि वेताळ आमच्या डोळ्यांपुढून हललेले नाहीत. दुसरी वाट ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाची. ते १९७१ मध्ये सुरू झाले आणि चांगल्या चित्रकारांची चित्रे खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत घेऊन गेले. तिसरी वाट मॉस्कोहून आली. सोव्हिएत संघात छापलेली, गुळगुळीत कागदाची, रंगीत आणि तरीही अत्यंत स्वस्त अशी मराठी पुस्तके गावोगावच्या प्रदर्शनांत मांडलेली असत. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन झाले आणि ती वाट बुजली.

या साऱ्या चित्रांनी आम्हांला आनंद दिला, यात संशय नाही. पण त्यांत एक उणीव होती आणि ती त्या वयात कळली नाही. ‘चांदोबा’तील घर राजवाडा असे नाहीतर झोपडी. रशियन पुस्तकातील घर लाकडी, भोवती बर्फ, मुलाच्या डोक्यावर लोकरी टोपी. दोन खोल्यांचे घर, दाराशी चपलांचा पसारा, दोरीवर वाळणारे कपडे, वर्तमानपत्र वाचणारे आजोबा, कामावरून थकून आलेली आई, असे आमचे स्वतःचे घर मात्र कोणत्याच चित्रात नव्हते. गोष्टीची भाषा मराठी होती, चित्रातले घर परके होते. जे चित्रात येते ते महत्त्वाचे, असे मुलाला न सांगता कळते. आपले घर चित्रात येत नाही, याचा अर्थही त्याला तसाच न सांगता कळत असला पाहिजे.

ही उणीव भरून काढावयास एखादा कुशल चित्रकार किंवा एखादा सिद्धहस्त लेखक पुरेसा नव्हता. आपल्याकडची रीत अशी की लेखकाने गोष्ट लिहावयाची, प्रकाशकाने ती चित्रकाराकडे धाडावयाची आणि चित्रकाराने गोष्टीत लिहिले आहे तेच पुन्हा रंगांत काढून द्यावयाचे. हे सचित्र पुस्तक झाले. चित्रपुस्तक त्याहून वेगळे असते. त्यात शब्द आणि चित्र कामाची वाटणी करून घेतात. शब्द सांगत नाहीत ते चित्र दाखविते आणि चित्र दाखवू शकत नाही तेवढेच शब्द सांगतात. ही वाटणी नेमकी साधावयाची तर एकाच मनाला दोन्ही भाषा अवगत असाव्या लागतात. माधुरी पुरंदरे यांच्या रूपाने असे मन मराठीला लाभले.

त्यांचा जन्म १९५२ चा, पुण्याचा. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे (१९२२–२०२१). शिवचरित्र घरोघरी पोचविण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. आई निर्मलाताई या माजगावकरांच्या घरातल्या. ‘माणूस’ साप्ताहिकाचे संपादक श्री. ग. माजगावकर हे त्यांचे बंधू. म्हणजे एका बाजूस इतिहास आणि वक्तृत्व, दुसऱ्या बाजूस संपादन आणि प्रकाशन. अशा घरातल्या मुलीने ग्रंथांच्या वाटेने जाणे स्वाभाविक होते. परंतु माधुरीताईंनी आधी कुंचला हाती घेतला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढील अभ्यासासाठी त्या पॅरिसला गेल्या. तेथे चित्रकलेबरोबरच फ्रेंच भाषाही त्यांनी आपलीशी केली.

परतल्यावर त्यांनी पुण्यात अनेक वर्षे फ्रेंच शिकविली आणि फ्रेंचमधून मराठीत भाषांतरे केली. थिएटर अकॅडमीने १९७८ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकामुळे गायिका व अभिनेत्री म्हणूनही रसिक त्यांना ओळखू लागले. ‘पिकासो’ हे त्यांचे चरित्र १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठीत आधुनिक चित्रकाराविषयी इतक्या जाणतेपणाने लिहिलेली पुस्तके थोडीच आहेत.

वरवर पाहता ही कारकीर्द अनेक दिशांना पांगलेली वाटेल. चित्रकला, गायन, नाट्य, परभाषेचे अध्यापन, भाषांतर. यांत लहान मुलांचे पुस्तक कोठे बसते? पण थोडा विचार केला तर ध्यानात येते की मुलांच्या चित्रपुस्तकास जे जे लागते, ते सारे या वाटेवर गोळा झाले होते. चित्रकलेने निरीक्षण दिले. गाण्याने आणि रंगभूमीने बोललेल्या वाक्याचा ताल कानात बसविला. परकी भाषा प्रौढांना शिकविताना भाषा मनात कशी उतरते, नवा शब्द केव्हा टिकतो आणि केव्हा गळून पडतो, याचा अनुभव मिळाला. भाषांतराने मराठी वाक्य तोलून पाहण्याची सवय लावली.

यात आणखी एका गोष्टीची भर पडली, आणि ती माझ्या मते फार मोलाची आहे. निर्मलाताई पुरंदरे (१९३३–२०१९) यांनी १९८१ मध्ये वनस्थळी ग्रामीण विकास केंद्र ही संस्था स्थापन केली. खेड्यातील स्त्रियांना बालवाडी शिक्षिका होण्याचे शिक्षण द्यावयाचे आणि त्यांनी आपापल्या गावी बालवाड्या चालवावयाच्या, असे तिचे काम. या कामाशी माधुरीताईंचा निकटचा संबंध राहिला. ज्या घरात पुस्तक नाही, अशा घरांतून आलेले मूल बालवाडीत बसते तेव्हा त्याच्या पुढ्यात काय ठेवावे, हा तेथे रोजचा प्रश्न होता. पॅरिसमध्ये कला शिकलेल्या चित्रकर्त्रीच्या कामाला असा प्रश्न येऊन भिडला, हे मराठी बालवाङ्मयाचे भाग्य म्हणावे लागेल.

त्यांची पुस्तके मुख्यतः पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने काढली. ‘राधाचं घर’ या संचात राधा नावाची चिमुरडी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. यशच्या गोष्टींची नावेच पाहावीत : ‘मोठी शाळा’, ‘हात मोडला’, ‘मामाच्या गावाला’, ‘कंटाळा’. राजा नाही, राक्षस नाही, शेवटी तात्पर्य नाही. मुलाच्या आयुष्यात खरोखर जे घडते तेच येथे कथेचा विषय होते. नव्या शाळेची धास्ती किंवा दुपारी येणारा कंटाळा मोठ्यांना क्षुल्लक वाटतो. मुलाला तो तसा वाटत नाही, आणि लेखिका मुलाच्या बाजूने उभी राहते. ‘सख्खे शेजारी’, ‘पाहुणी’, ‘लालू बोक्याच्या गोष्टी’ ही पुस्तकेही याच घरगुती जगातली.

त्यातही ‘राधाचं’ हे रूप वाचकांनी लक्षात घ्यावे. प्रस्तुत लेखकासारखा जुन्या वळणाचा माणूस येथे ‘राधाचे’ असे लिहील. पण मराठी घरात कोणतेही मूल ‘राधाचे घर’ असे बोलत नाही. मुखपृष्ठावरच बोलली जाणारी मराठी ठेवून लेखिकेने मुलास जणू सांगितले की तुझ्या आईच्या तोंडची भाषा पुस्तकाच्या योग्यतेची आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्या मुलास ही सोय वाटेल. आपल्या मुलांच्या बाबतीत मात्र याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण त्यांच्या कानी पडणारे सारे मराठी घरातल्या दोन-तीन माणसांच्या तोंडचेच असते. पुस्तकात तेच रूप भेटले तर वाचन परके वाटत नाही.

‘चित्रवाचन’ हे पुस्तक याहून एक पायरी अलीकडचे आहे. त्यात वाचावयाची आहेत ती चित्रेच. मुलाने चित्र पाहावे, कोण काय करीत आहे ते सांगावे, मोठ्या माणसाने विचारावे, मुलाने पुन्हा पाहावे. अक्षरओळख नसलेले मूलही येथे वाचक होते. एक व्यावहारिक गोष्ट येथे नमूद करतो. ज्यांना स्वतःला मराठी वाचता येत नाही, पण बोलता येते, अशा तरुण आईवडिलांची संख्या आपल्या मंडळात वाढत आहे. त्यांना संकोच न वाटता मुलाला मांडीवर घेऊन उघडता येईल असे हे पुस्तक आहे.

याच्या पुढच्या टप्प्यासाठी ‘वाचू आनंदे’ हे संकलन आहे. बालगट आणि कुमारगट अशा दोन गटांसाठी मराठी साहित्यातले निवडक वेचे एकत्र करून त्यांना चित्रकलेची जोड देण्यात आली आहे. ‘लिहावे नेटके’ या संचात व्याकरण आणि लेखन यांचा अभ्यास खेळाच्या अंगाने करवून घेतला आहे. म्हणजे चित्र पाहणे, चित्रावर बोलणे, बोललेले वाचणे, वाचलेल्याचा आस्वाद घेणे आणि अखेर स्वतः नेटके लिहिणे, अशी अखंड पायवाट एका व्यक्तीने बांधून दिली आहे. सरकारी समित्यांना जे साधणे कठीण जाते, ते एका टेबलाशी बसून झाले. सरकारी नोकरीत तीस वर्षे काढलेला माणूस हे लिहीत आहे, यास्तव त्यावर विश्वास ठेवण्यास हरकत नसावी.

या कार्याची योग्य दखलही घेतली गेली. बालसाहित्यातील एकूण योगदानासाठी साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना २०१४ मध्ये मिळाला. टाटा ट्रस्ट्सच्या ‘पराग’ उपक्रमाने २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू केला, तेव्हा लेखकांसाठीचा पहिलाच सन्मान मराठीच्या आणि माधुरीताईंच्या वाट्याला आला.

आपण राहतो त्या शहराचाही या क्षेत्राशी संबंध आहे. २००४ मध्ये बंगळुरात ‘प्रथम बुक्स’ ही ना-नफा प्रकाशनसंस्था स्थापन झाली. अनेक भारतीय भाषांत, मराठीतही, ती अल्प किमतीची चित्रपुस्तके काढते. २०१५ पासून तिने ‘स्टोरीवीव्हर’ या नावाने अशी पुस्तके संगणकावर विनामूल्य वाचण्याची सोय केली आहे. तंजावरच्या छापखान्यापासून दोनशे वर्षांनी दक्षिणेतल्या एका शहरातून मराठी मुलांची पुस्तके पुन्हा निघत आहेत, हा योगायोग सुखद आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपण मंडळात पेढे वाटून साजरा केला. पण भाषा जगते ती तिच्यात बोबडे बोलणारे कोणी आहे, तोवरच.

हे सारे मी तटस्थपणे लिहिले असे कोणास वाटू नये. केंद्र सरकारच्या नोकरीत बदल्या होत गेल्या. भोपाळ, चेन्नई, मग बंगळूर. आमची कन्या मराठी बोलत मोठी झाली. वाचावयास मात्र आम्ही तिला कधी शिकविले नाही. पुढच्या सुटीत पाहू, असे म्हणता म्हणता सुट्या संपल्या. माझी आई वाईहून नातीस पोस्टकार्डे लिहीत असे. ती मी मोठ्याने वाचून दाखवी आणि घाई असली की मधल्या ओळी गाळीत असे. आई २०११ मध्ये गेली. पत्रांचा तो गठ्ठा आता कन्येकडे आहे. कित्येक वर्षे त्यांतले तिला ‘चि.’ आणि स्वतःचे नाव एवढेच ओळखता येत होते. आजीने आपल्यासाठी लिहिलेले आपल्याला वाचता येत नाही, असे तिने एकदा सहज म्हटले. त्या वाक्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते मला अधिक लागले.

दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या रविवारच्या बालवाचनात मदतनीस म्हणून ती जाऊ लागली. मुलांना गोष्ट वाचून दाखवावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुलांबरोबर तीच अक्षर लावावयास शिकली. ‘हात मोडला’ वाचताना ती एका जोडाक्षराशी अडली, तेव्हा सहा वर्षांच्या एका मुलाने तिला ते सांगितले. चित्र पुढ्यात असल्याने पुढचा शब्द कोणता असेल याचा अंदाज येतो आणि अंदाज खरा ठरला की धीर येतो, असे ती म्हणते. गेल्या दिवाळीत तिने आजीचे एक कार्ड घेतले आणि अर्ध्या तासात पुरे वाचले. मग मला विचारले, ‘‘बाबा, फडताळ म्हणजे काय?’’ खाऊचा डबा फडताळात ठेवला आहे, असे आईने लिहिले होते. ती ओळ मी त्या वेळी गाळली होती की वाचली होती, हे मला आठवेना. वाईचे घर विकले गेले आहे. येथल्या सदनिकेत फडताळ नाही, तेव्हा बोट दाखवून सांगणे शक्य नव्हते. मी कागद घेतला आणि भिंत, तीतला कोनाडा, लाकडी दारे आणि आत डबा असे चित्र काढून दाखविले. चित्र काही चांगले आले नाही. शब्द मात्र तिला समजला.

म्हणून मंडळाच्या कार्यकारिणीस आणि सभासदांस एक विनंती करावीशी वाटते. आपल्या ग्रंथालयाच्या कपाटात कादंबऱ्या आणि दिवाळी अंक पुष्कळ आहेत, चित्रपुस्तकांचा खण अजून निम्मा रिकामा आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात तो भरावा. पुण्यास जाणाऱ्या प्रत्येक सभासदाने येताना बाकरवडीबरोबर एक चित्रपुस्तक आणावे आणि रोज रात्री दहा मिनिटे मुलाला मांडीवर घेऊन ते उघडावे. मधल्या ओळी मात्र गाळू नयेत.